कान वाहतो आहे, पण जंतू कोणता?

श्रावण लागला की प्राथमिक शाळेच्या जवळजवळ कोणत्याही वर्गात दोन-तीन मुले कानात कापसाचे बोळे घालून बसलेली दिसतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "बाई, कान फुटलाय." घरी कोणीतरी लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडलेले असते. शेजारच्या दुकानातून आणलेल्या थेंबांची बाटली असते. मागच्या वेळी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांतल्या उरलेल्या दोन गोळ्याही देऊन झालेल्या असतात. या दिवसांत मुलाला फळ्यावरचे दिसते, पण वर्गात बोललेले नीट ऐकू येत नाही, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

'कान फुटणे' हा आपला शब्दप्रयोग शास्त्रीय दृष्टीने अगदी अचूक आहे. पडद्यामागच्या पोकळीत, म्हणजे मध्यकर्णात पू साठतो, दाब वाढतो, ठणका लागतो आणि शेवटी पडद्याला भोक पडून पू बाहेर येतो. म्हणूनच रात्रभर रडणारे मूल पहाटे कान वाहू लागताच शांत झोपते. आता डॉक्टरांपुढे प्रश्न असतो तो असा, की हा पू कोणत्या जीवाणूने केला आणि त्यावर कोणते औषध चालेल? प्रयोगशाळेचे नेहमीचे उत्तर यायला दोन ते तीन दिवस लागतात. तेच उत्तर पंधरा मिनिटांत किंवा दोन तासांत देणाऱ्या चाचण्या आज उपलब्ध आहेत. त्या कशा चालतात ते पाहू या. पण आधीच सांगायला हवे, की कान आणि सायनस यांच्या बाबतीत खरी अडचण चाचणीच्या वेगाची नसून नमुन्याची आहे.

मध्यकर्णाची पोकळी इतकी लहान, की तिच्यात चमचाभरही पाणी मावणार नाही. जालन्याच्या शिक्षकांना मस्तगडाच्या उदाहरणावरून ती सहज समजावता येईल. १७२५ च्या सुमारास बांधलेला हा भुईकोट. कोणत्याही भुईकोटाला असतो तसा एक मुख्य दरवाजा कल्पावा आणि तो कायम बंद ठेवावा. तो म्हणजे कानाचा पडदा. मागच्या बाजूला एक लहानशी चोरदिंडी कल्पावी. ती म्हणजे घशाच्या वरच्या भागातून मध्यकर्णात जाणारी युस्टेशियन नलिका. हवा आत जाते ती या दिंडीतून, आणि शत्रूही तिथूनच शिरतो. मोठ्या माणसात ही नलिका सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब आणि उतरती असते. तान्ह्या मुलात ती जवळपास निम्म्या लांबीची आणि बरीच आडवी असते. सर्दीने तिचे तोंड सुजले, की आतला द्रव बाहेर यायची वाट बंद होते आणि नाकातले जीवाणू तिथे सुखाने वाढतात. लहान मुलांचे कान जास्त का फुटतात, याचे हे मुख्य कारण आहे.

हे जीवाणू मुख्यतः तीन. न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझी आणि मोराक्सेला. यांतल्या दुसऱ्याचे नाव फसवे आहे. १८९२ साली फायफर याला हा जीवाणू फ्ल्यूच्या रुग्णांत सापडला आणि त्याने त्यालाच फ्ल्यूचे कारण ठरवले. फ्ल्यू विषाणूमुळे होतो हे नंतर कळले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. तीव्र सायनसच्या दुखण्यातही हेच तिघे आघाडीवर असतात. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानात मात्र मंडळी बदलते. तिथे सुडोमोनास आणि स्टॅफिलोकोकस यांचे राज्य असते.

नेहमीच्या तपासणीला दोन दिवस का लागतात, याचे गणित सातवी-आठवीच्या वर्गात करून पाहण्यासारखे आहे. वेगाने वाढणारा जीवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. एका जीवाणूपासून सुरुवात केली तर आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या वर संख्या होते. तेव्हा कुठे आगराच्या थाळीवर डोळ्यांना दिसेल असा ठिपका उमटतो. प्रत्यक्षात सुरुवातीला जीवाणू रेंगाळतात आणि सगळेच इतक्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून थाळी रात्रभर, अठरा ते चोवीस तास, उबदार पेटीत ठेवतात. मग त्या ठिपक्यातले जीवाणू घेऊन ते कोणत्या प्रतिजैविकाला दबतात हे पाहायचे, त्यासाठी आणखी एक रात्र. घाई करून उपयोग नसतो. आंबवण्याआधीच इडली उकडायला ठेवली तर काय होईल, तसेच हे आहे.

त्यात नमुन्याचा प्रवास. समजा, मस्तगड भागातल्या एखाद्या शाळेतल्या मुलीच्या कानातला पू कापसाच्या काडीवर घेतला आणि तो साठ-एक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला, 'घाटी'त म्हणजे तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, पाठवायचा ठरला. जालन्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. हिमोफिलस हा फार नाजूक जीवाणू. त्याला रक्तातले दोन विशिष्ट घटक लागतात, म्हणून रक्त तापवून तपकिरी झालेल्या, 'चॉकलेट आगर' नावाच्या थाळीवरच तो नीट वाढतो. कोरड्या काडीवर, एसटीच्या प्रवासात तो मरून जातो. उलट सुडोमोनास कशातही तगतो. कानाच्या बाहेरच्या नळीत तो थोडासा जरी असला तरी थाळीभर पसरतो. मग अहवालात 'सुडोमोनास' असे येते, डॉक्टर त्यावरचे औषध देतात, आणि खरा गुन्हेगार वाटेतच संपलेला असतो. यासाठी नमुना ओलसर ठेवणाऱ्या खास माध्यमाच्या नळीतून पाठवावा लागतो. नळी साधी आणि स्वस्त असते, पण ती नसेल तर पुढची सगळी महागडी यंत्रे निरुपयोगी ठरतात.

आता जलद चाचण्यांकडे वळू. सर्वांत जुनी आणि माझ्या मते अजूनही सर्वांत कमी लेखली गेलेली चाचणी म्हणजे ग्रॅमचे रंजन. हान्स क्रिस्टियन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली बर्लिनमध्ये, न्यूमोनियाने मेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत जीवाणू नीट दिसावेत म्हणून ही पद्धत शोधली. काचपट्टीवर पू पसरायचा, जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणे आणि शेवटी लाल-गुलाबी रंग. ज्यांची भिंत जाड ते जांभळेच राहतात. ज्यांची पातळ त्यांचा जांभळा रंग धुऊन जातो व ते गुलाबी दिसतात. न्यूमोकोकस जांभळ्या जोड्यांत, भाल्याच्या टोकासारखे दिसतात. मोराक्सेलाच्या गुलाबी जोड्या असतात. हिमोफिलस म्हणजे गुलाबी, बारीक, ठिपका म्हणावा की काडी अशा आकाराचे. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम, आणि लागते ते चांगले सूक्ष्मदर्शक व पाहण्याचा सराव.

या काचपट्टीवर आणखी एक गोष्ट दिसते, जी कोणत्याही आधुनिक पट्टीवर दिसत नाही. पुवातल्या पांढऱ्या पेशी भरपूर असतील तर नमुना खऱ्या युद्धभूमीवरून आला आहे. त्याऐवजी त्वचेच्या चपट्या पेशीच जास्त असतील तर काडी बाहेरच्या नळीला पुसून आली आहे, आणि तो नमुना फेकून दुसरा घेणे बरे. उणीव एवढीच, की दर मिलिलिटरमध्ये निदान दहा हजार ते लाखभर जीवाणू असल्याशिवाय ते नजरेला पडत नाहीत.

दुसरा प्रकार प्रतिपिंडांचा. आपले शरीर प्रत्येक परक्या रेणूला, म्हणजे प्रतिजनाला, नेमके बसणारे प्रतिपिंड तयार करते, कुलपाला किल्ली बसावी तसे. असे प्रतिपिंड लॅटेक्सच्या अतिसूक्ष्म मण्यांवर चिकटवून ठेवतात. दुधासारख्या त्या द्रवात नमुन्याचा थेंब मिसळून काचपट्टी हलवली, की जीवाणूचे प्रतिजन मण्यांना एकमेकांशी बांधतात आणि दही फुटावे तशा गुठळ्या दिसतात. दोन-चार मिनिटांचे काम. मात्र येथे एक खाच आहे. हिमोफिलससाठी मिळणारे लॅटेक्स बहुधा त्याच्या 'ब' प्रकाराचे आवरण ओळखते, कारण ती चाचणी मेंदूज्वरासाठी बनवली गेली. कानात सापडणाऱ्या हिमोफिलसला बहुतेक वेळा हे आवरणच नसते. म्हणजे जंतू हजर आणि चाचणी म्हणते गैरहजर! बाळांना देतात त्या पंचगुणी लशीतला हिमोफिलसचा भागही याच कारणाने मेंदूज्वर टाळतो, पण कान फुटणे फारसे टाळत नाही.

कोविडच्या साथीने घरोघरी पोहोचवलेली पट्टी ही त्याचीच पुढची पायरी. थेंब टाकला की तो कागदासारख्या पडद्यातून सरकतो. वाटेत सोन्याच्या सूक्ष्म कणांवर बसवलेले प्रतिपिंड त्याला भेटतात. प्रतिजन असला तर ते कण ठरलेल्या रेषेवर अडकून लाल रेघ उमटते. दुसरी रेघ पट्टी नीट चालली याची खूण. न्यूमोकोकसचे सुमारे शंभर प्रकार आहेत, पण त्या सर्वांच्या भिंतीत एक समान शर्करायुक्त घटक असतो आणि पट्टी तोच पकडते. मध्यकर्णातल्या स्रावावर वापरण्याच्या अशा पट्ट्या जपानमध्ये तयार झाल्या. मेलेला जीवाणूही त्यांना चालतो, हा प्रवासात मरणाऱ्या नमुन्यांच्या दृष्टीने मोठाच फायदा.

हाच घटक लघवीतही उतरतो, म्हणून न्यूमोनियाच्या प्रौढ रुग्णांत लघवीची पट्टी वापरतात. मग कानदुखीच्या मुलाची लघवीच का तपासू नये? कान टोचायला नको, रडारड नको. कल्पना छान आहे, पण ती फसते. ज्या मुलाच्या फक्त नाकात न्यूमोकोकस राहतो आहे आणि ज्याला काहीही झालेले नाही, त्याच्याही लघवीत पट्टी रेघ दाखवू शकते.

येथेच आपण मूळ अडचणीशी येतो. हे तीन जीवाणू धडधाकट मुलांच्या नाकाच्या मागच्या भागात मुक्कामाला असतात. बालवाडीतल्या मुलांच्या नाकातून काड्या फिरवल्या तर त्यांतल्या अनेकांत एक तरी सापडेल. तेव्हा नाकात जंतू सापडला म्हणून तोच कानात किंवा सायनसमध्ये आहे असे म्हणता येत नाही. गावात राहणाऱ्या प्रत्येकाला चोर ठरवण्यासारखे ते होईल. गंमत अशी, की उलटे विधान बरेच भरवशाचे आहे. नाकाच्या मागच्या भागात एखादा जीवाणू नसेल, तर तो कानात असण्याची शक्यता कमी, कारण दिंडी तिथेच उघडते. नाकाच्या तपासणीत 'नाही' हे उत्तर 'आहे' या उत्तरापेक्षा अधिक उपयोगी. तर्कशास्त्र शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे.

सगळ्यांत संवेदनशील चाचणी पीसीआर. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली सुचवलेली ही पद्धत डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढते. एका फेरीत दुप्पट, तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर. जीवाणूला वाढायला लावण्याऐवजी त्याचा मजकूरच छापून काढायचा. एकाच नळीत तिन्ही जीवाणू शोधता येतात आणि उत्तर काही तासांत मिळते. ज्या मुलांच्या कानात पू नसून चिकट द्रव साठून राहतो, त्यांच्या द्रवात संवर्धन बहुधा कोरे जाते. पीसीआरला मात्र पुष्कळदा जीवाणूंचे डीएनए मिळते. ते जिवंत जीवाणूंचे की मेलेल्यांचे, हे ती सांगत नाही. चिकट थरात दडून बसलेले जीवाणू थाळीवर वाढत नाहीत, तेव्हा हा वाद सोपा नाही.

आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांच्या बाहेर अशा चाचण्या कानासाठी क्वचितच होतात. एका जीवाणूच्या बाबतीत मात्र ही यंत्रणा सरकारी खर्चाने खालच्या पातळीपर्यंत पोहोचली आहे, तो म्हणजे क्षयाचा. क्षय कानालाही होतो. ठणका नाही, पण कान वाहायचा थांबत नाही, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, कधी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते. हा जीवाणू इतका संथ, की संवर्धनाला कित्येक आठवडे लागतात. सीबीनॅट यंत्र तेच उत्तर सुमारे दोन तासांत देते, शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही तेही सांगते. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे 'ट्रूनॅट' तर बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज जाणाऱ्या आरोग्य केंद्रातही ते ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली क्षयाच्या निदानासाठी त्याला मान्यता दिली. कित्येक आठवड्यांचे दोन तास होतात, तेव्हा वेगाला खरा अर्थ येतो.

सायनसची गोष्ट थोडी निराळी. गालाच्या, कपाळाच्या आणि नाकाच्या बाजूच्या हाडांतल्या या पोकळ्या नाकात उघडतात. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जीवाणूच, असा समज डॉक्टरांकडे जाणाऱ्या प्रत्येक घरात आहे. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि साध्या विषाणूजन्य सर्दीतही येतो. प्रौढांच्या सर्दीचे जीवाणूजन्य सायनसमध्ये रूपांतर होण्याचे प्रमाण शंभरात दोनपेक्षा जास्त नाही. मुलांत ते अधिक, शंभरात पाच ते दहा इतके धरतात. नक्की निदान करायचे तर गालाच्या हाडातल्या पोकळीत सुई घालून द्रव काढावा लागतो. साध्या दुखण्यासाठी कोण तयार होईल? म्हणून दुर्बिणीने नाकाच्या मधल्या खोबणीतला स्राव घेतात. बहुतेक वेळा तर कॅलेंडरच चाचणीचे काम करते. दहा दिवस उलटूनही उतार नाही, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप व दुखणे वाढले, किंवा सुरुवातीलाच तीन-चार दिवस जोराचा ताप आणि पुवासारखा शेंबूड असेल, तर जीवाणूंचा संशय घ्यायचा.

महाराष्ट्राने मात्र सायनसच्या जलद चाचणीचे मोल २०२१ च्या मे महिन्यात अनुभवले. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे, लोकांच्या भाषेत 'काळ्या बुरशी'चे, देशातले सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत होते. हा जीवाणू नव्हे, बुरशी. मधुमेह आणि स्टिरॉइड यांच्या संगतीने ती सायनसमधून डोळ्याकडे, तिथून मेंदूकडे काही दिवसांत पसरे. संवर्धनाची वाट पाहायला वेळच नव्हता, आणि नमुना कुटताना या बुरशीचे तंतू फुटून मरतात, त्यामुळे संवर्धन पुष्कळदा कोरेही जाते. उपयोगी पडली ती अगदी जुनी युक्ती. दुर्बिणीने काढलेला उतीचा तुकडा काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवायचा. अल्कली मानवी पेशी विरघळवते, पण बुरशीची कायटिनयुक्त भिंत टिकते. मग सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटलेले तंतू दिसतात. तासाभरात उत्तर. अँफोटेरिसिनचा तुटवडा असताना ते कोणाला लगेच द्यायचे आणि कोणाला शस्त्रक्रियेला घ्यायचे, हे या उत्तरावर ठरत होते. नमुना थेट रोगाच्या जागेतून आलेला होता आणि तिथे ही बुरशी दिसणे हे साधारणपणे रोगाचेच लक्षण होते, म्हणून चाचणीचा 'हो' हा खरा 'हो' होता.

कानाकडे परत येऊ. जंतूचे नाव कळले तरी औषध कळते असे नाही. जलद चाचण्यांची ही दुसरी मर्यादा. याला एक छोटा, देखणा अपवाद आहे. मोराक्सेला जवळजवळ नेहमी, आणि हिमोफिलस काही वेळा, पेनिसिलिनच्या जातीची औषधे तोडणारे विकर बनवतात. नायट्रोसेफिन नावाचे पिवळे द्रव्य अशा जीवाणूंना लावले, की काही मिनिटांत लाल होते. लाल झाले तर साधे अमॉक्सिसिलिन चालणार नाही. पण यासाठीही जीवाणू आधी थाळीवर वाढवावा लागतो, म्हणजे एक रात्र गेलीच.

दोन वर्षांवरील मुलाचा कान दुखतो आहे, ताप बेताचा आहे, कान वाहत नाही, अशा वेळी डॉक्टर वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस थांबायला सांगतात, ते निष्काळजीपणाने नव्हे. यांतली बरीच दुखणी आपोआप बरी होतात, आणि चाचणीसाठी पडदा टोचणे दुखण्यापेक्षा जड होईल. उलट, महिनोन्महिने वाहणाऱ्या कानात जंतू ओळखून फारसे साधत नाही. तिथे कान कोरडा ठेवणे, पाणी आणि तेल जाऊ न देणे, पुसून मग डॉक्टरांनी दिलेले थेंब टाकणे हे उपचार आहेत. भोक असलेल्या पडद्यातून जेंटामायसिनसारखे थेंब आत गेले तर ऐकण्याच्या पेशींनाच इजा होऊ शकते, म्हणून दुकानातली बाटली परस्पर वापरू नये. आणि स्राव थोडा पण घाण वासाचा असेल, तर आत हाड कुरतडणारी कातडीची गाठ असू शकते. कोणतीही पट्टी, कोणतेही पीसीआर ती दाखवणार नाही. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानात डोकावलेच पाहिजे, आणि बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते.

पडद्यामागे द्रव साठलेल्या मुलाची श्रवणक्षमता साधारण २० ते ३० डेसिबलने घटते. कुजबुज सुमारे ३० डेसिबलची असते. म्हणजे मागच्या बाकावर बसलेल्या या मुलाला शिक्षकांचा आवाज येतो, पण शब्दांच्या कडा येत नाहीत. शुद्धलेखनात 'त' आणि 'थ', 'प' आणि 'फ' यांची गल्लत होते, हाक दुसऱ्यांदा मारावी लागते, आणि शेरा पडतो 'लक्ष नसते' असा. ठणका नसल्यामुळे घरीही कोणाला शंका येत नाही.

पालघर येथे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत येणाऱ्या पथकाने मुलांचे कान व श्रवण पाहणे अपेक्षित आहे. पथकाला एका दिवसात पुष्कळ मुले तपासायची असतात. तेव्हा वर्गशिक्षकांनी आधीच वहीत चार गोष्टी टिपून ठेवल्या तर डॉक्टरांना त्या जंतूच्या नावाहून जास्त कामाला येतात. कोणता कान वाहतो आणि किती दिवसांपासून, वर्षात ही कितवी वेळ, वासाची तक्रार आहे का, आणि हाक मारल्यावर मूल कोणता कान पुढे करते.